इतिहासातील 'असूनही'

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

जेम्स ग्रँट डफ हा १८१८ ते १८२२ या काळात साताऱ्याचा रेसिडेंट होता. छत्रपती प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी नेमलेला कंपनी सरकारचा माणूस. १८२६ साली त्याचा मराठ्यांच्या इतिहासाचा तीन खंडांचा ग्रंथ लंडनला प्रसिद्ध झाला. दफ्तरे चाळून, कागद जमवून, जागोजागी तळटिपा देऊन लिहिलेला हा ग्रंथ. त्याच्याशी भांडण करायचे तरी तो आधी वाचावा लागतो. पण अशा काटेकोर माणसावर मराठ्यांचा उदय कसा झाला हे सांगायची वेळ आली, तेव्हा त्याने कागद बाजूला ठेवले आणि एक उपमा दिली. सह्याद्रीच्या रानातले वाळके गवत पेटावे, ज्वाळा पसरत जाव्यात आणि दूरदूरच्या लोकांनी तो वणवा पाहून चकित व्हावे, तसा हा उदय झाला, अशा अर्थाचे ते वाक्य आहे.

मी कविता लिहितो. बी.ए. झालो तोही मराठी घेऊन. सनावळ्या आणि शिक्क्यांच्या बाबतीत मी तज्ज्ञांपुढे बोलू नये, हे मला कळते. पण उपमा हा माझ्या दुकानातला माल आहे. तो कुणी इतिहासाच्या बाजारात विकायला काढला, तर तो चोख आहे की नाही हे बघण्याचा हक्क मी सोडणार नाही.

तर वणवा. सह्याद्रीच्या कडेला राहणाऱ्या कुणालाही विचारा, वणवा आपण होऊन फारसा लागत नाही. फाल्गुन-चैत्रात डोंगर धडाडून पेटतो तेव्हा गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असते की कुणीतरी काडी ओढली आहे. पावसाळ्यात गवत जोमाने फुटेल म्हणून कुणी मुद्दाम लावलेला असतो, बांध जाळताना कुणाच्या हाताबाहेर गेलेला असतो, नाहीतर कुणी बिडीचे थोटूक न विझवता टाकलेले असते. गावात त्याची चर्चा होते, नावे घेतली जातात, भांडणे होतात. 'डोंगर पेटला' असे म्हणतो तो लांबून बघणारा. जवळचा माणूस 'डोंगर कुणी पेटवला' असे विचारतो. गंमत अशी की ग्रँट डफ लांब नव्हता. तो अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहून कागद गोळा करत होता. तरी वाक्य लिहिताना तो दूरच्या माणसांत जाऊन उभा राहिला. त्याला आग दिसली, काडी ओढणारा हात दिसला नाही. एका उपमेने शिवाजी महाराज, त्यांचे मुत्सद्दी, गडकरी, मावळे, सगळ्यांची योजना आणि बुद्धी काढून घेतली आणि त्या जागी सुके गवत ठेवले.

न्यायमूर्ती रानड्यांना हे खुपले. १९०० साली त्यांचे मराठी सत्तेच्या उदयावरचे इंग्रजी पुस्तक आले. त्यात त्यांनी या वणव्याच्या कल्पनेला थेट हरकत घेतली आहे. पण हरकत घेऊन ते थांबले नाहीत. त्यांच्या प्रकरणांची नावे पाहा. आधी जमीन कशी तयार झाली, मग बी कसे पेरले गेले, मग ते कसे वाढीला लागले, मग झाडाला बहर आला, मग फळ धरले. ग्रँट डफच्या आगीला रानड्यांनी शेतीने उत्तर दिले! चौऱ्याहत्तर वर्षांच्या अंतराने दोन विद्वान उपमांनी भांडत होते, आणि दोघांच्या पुस्तकांवर शिक्का मात्र 'इतिहास' असाच होता.

माझे मत विचाराल तर रानड्यांची उपमा अधिक न्यायाची आहे. तिच्यात जमिनीला जागा आहे, म्हणजे संतांना, गावगाड्याला, आधीच्या दोन-तीनशे वर्षांना जागा आहे. मलिक अंबरसारख्या माणसाने दख्खनमध्ये जे करून ठेवले, त्यालाही त्या मशागतीत जागा मिळू शकते. पण झाडाच्या उपमेचीही किंमत मोजावी लागते. बी पेरले की झाड होणारच, झाड झाले की फळ येणारच, असा एक विश्वास तिच्या पोटात बसलेला असतो. शिवाजी महाराजांच्या आयुष्यात किती वेळा सगळे संपता संपता राहिले, हे आठवले की झाडाची उपमा फारच निर्धास्त वाटू लागते.

जाता जाता आणखी एक गोष्ट सांगतो. ग्रँट डफच्या ग्रंथाचे मराठी भाषांतर कॅप्टन डेव्हिड केपन याने १८३० च्या सुमारास केले, तेव्हा त्याचे मराठी नाव ठेवले गेले 'मराठ्यांची बखर'. पुढे १८६७ साली नीळकंठ जनार्दन कीर्तने या कॉलेजातल्या तरुणाने ग्रँट डफवर टीका करणारा निबंध वाचला, त्यातही त्या ग्रंथाला बखरच म्हटले आहे. आज 'बखर' आणि 'इतिहास' यांच्यात आपण मोठी भिंत घालतो. बखर म्हणजे रंगवून सांगितलेली, आणि इतिहास म्हणजे खरा. त्या वेळच्या मराठी वाचकाला ती भिंत दिसत नव्हती. साहेबाने लिहिली तीही बखरच.

ही भिंत आपल्याकडे उंच केली ती विश्वनाथ काशिनाथ राजवाड्यांनी. १८९८ साली त्यांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातली पत्रे होती, म्हणजे पानिपतापर्यंतची. ती हातात धरून त्यांनी बखरींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले. त्या काळचे एक अस्सल चिटोरे नंतरच्या बखरीहून मोलाचे, हा धडा मराठी संशोधकांनी त्यांच्यापासून घेतला. काम प्रचंडच होते, आणि ते भणंगपणे पायपीट करून केलेले होते. पण राजवाड्यांच्या प्रस्तावना वाचल्या की माझ्यासारख्याला हसू येते. बखरकाराच्या अतिशयोक्तीवर तुटून पडणारा हा माणूस स्वतः लिहायला बसला की तलवार परजतो. त्यांच्या प्रस्तावनांत वक्तृत्व आहे, उपरोध आहे, प्रतिपक्षाला लोळवण्याचा आनंद आहे. पुरावा कागदाचा, पण वाक्याचा ताल पोवाड्याचा. मला यात दोष वाटत नाही. फक्त तो ताल आहे हे मान्य करावे, एवढेच.

युरोपात हे मान्य करायला लावले हेडन व्हाइट या अमेरिकन विद्वानाने. १९७३ साली त्याचा 'मेटाहिस्टरी' हा ग्रंथ आला. एकोणिसाव्या शतकातले चार थोर इतिहासकार त्याने घेतले, आणि कवीच्या वह्या तपासाव्यात तसे त्यांचे ग्रंथ तपासले. त्याचे म्हणणे असे की घटना जगात घडतात, पण कथानक इतिहासकार घालतो. मिशले अद्भुतरम्य कथा लिहितो. टॉकव्हिल शोकांतिका लिहितो. बुर्कहार्टचा स्वर उपरोधाचा. आणि जो रांके, जे जसे घडले तसेच दाखवायचे असे १८२४ साली सांगून गेला, ज्याच्या नावाने विद्यापीठांतला शास्त्रशुद्ध इतिहास सुरू झाला असे मानतात, तो सुखांतिका लिहितो. म्हणजे विनोदी नव्हे. सगळे विरोध शेवटी मिटतात आणि घडी बसते, या अर्थाने.

आपल्याकडे हे दाखवायला लांब जायला नको. सर जदुनाथ सरकारांनी औरंगजेबावर पाच खंड लिहिले, १९१२ ते १९२४ या काळात. सरकार मूळचे इंग्रजी साहित्याचे एम.ए. त्यांनी औरंगजेबाचे आयुष्य शोकनाट्याच्या भाषेतच मांडले आहे. अदृश्य दैवाशी झगडणारा, कष्टाळू, बुद्धिमान पुरुष, आणि अंकामागून अंक उलगडत जाणारा त्याचा नाश. फारसी साधने त्यांच्याइतकी कसून क्वचितच कुणी वाचली असतील. पण त्या साधनांत दैव कुठे होते? ते सरकारांनी कॉलेजात वाचलेल्या नाटकांतून आले. खुलताबादेत औरंगजेबाची उघडी, साधी कबर मी पाहिली आहे. तिथे उभे राहिल्यावर माझ्याही मनात आधी सरकारांचेच नाटक आले. चांगल्या गद्याची ताकद ही अशी असते.

आता पानिपताकडे येतो. कथानक घालणे म्हणजे काय, हे त्याहून चांगले कुठे दिसणार?

गोष्ट कुठे सुरू करायची आणि कुठे थांबवायची, इथपासून हात इतिहासकाराचा असतो. १७६० च्या उदगीरच्या विजयापासून सुरू करा आणि १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी थांबा. शोकांतिका तयार. विजयाची धुंदी, चूक, उपासमार, सर्वनाश. आता १७५२ पासून सुरू करा. त्या वर्षी मोगल बादशाहीचे अब्दालीपासून रक्षण करण्याचा करार मराठ्यांनी केला होता. आणि थांबा १७७२ च्या जानेवारीत, जेव्हा मराठ्यांच्या, महादजी शिंद्यांच्या पाठबळावर शाहआलम बादशहा दिल्लीत परतला. आता पानिपत हे मधले एक भयंकर वळण होते, शेवट नव्हे. कागद तेच, तारखा त्याच. त्र्यं. शं. शेजवलकरांचे १९४६ चे 'पानिपत' मला आवडते ते यासाठी. त्यांनी ही लढाई एका दिवसाच्या रणांगणावर न ठेवता दिल्लीच्या राजकारणाच्या लांब पटावर ठेवली. आणि तिसरी गोष्ट अजून कुणी नीट सांगितलेली नाही. ती त्या पानिपत गावाच्या आणि भोवतालच्या शेतकऱ्यांची. नोव्हेंबर ते जानेवारी, सुमारे अडीच महिने दोन अजस्र छावण्या त्यांच्या रानात बसून होत्या. त्यांच्या ज्वारी-बाजरीचे काय झाले? त्या गोष्टीत नायक कोण आणि शोकांतिका कुणाची?

आकड्यांचेही तेच. आपल्याकडे म्हण आहे, सव्वा लाख बांगडी फुटली. सरकारांनी मात्र हिशेब करून रणात उतरलेले मराठे पंचेचाळीस हजारांच्या आसपास आणि समोरचे साठ हजारांच्या आसपास धरले. 'पंचेचाळीस हजार' असे म्हटले की माणूस मान डोलावतो, कारण आकड्याला तळटीप असते. पण छावणीत बायका, मुले, यात्रेकरू, बाजारबुणगे होते, ते या आकड्यात नाहीत. बांगडीच्या म्हणीत निदान घरी राहिलेली बाई तरी आहे. बांगडी हे मोजमाप शास्त्रीय नाही, पण कुणाचे दुःख मोजायचे ते त्याने ठरवलेले आहे.

पानिपतची बातमी देणारे सावकारी भाषेतले पत्र सर्वांना माहीत आहे. नानासाहेब पेशव्यांच्या हाती ते वाटेत पडले असे सांगतात. दोन मोती गेले, इतक्या मोहरा गेल्या, आणि रुपये-खुर्द्याची तर गणतीच नाही, असा त्याचा आशय. त्यातले मोती म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब, हे आपल्याला शाळेत शिकवतात. शिकवणारा बहुधा खुर्द्यापाशी थांबत नाही. मला मात्र त्या पत्रातला सगळ्यात खरा शब्द तोच वाटतो. मोत्यांना नाव आहे, मोहरांना आकडा आहे, तांब्याला दोन्ही नाही. माणसांची ही वर्गवारी त्या पत्राने केली आणि नंतरच्या बहुतेक इतिहासांनी, अगदी विद्यापीठांतल्यासुद्धा, ती तशीच पुढे चालवली. किती प्रकरणे मोत्यांवर आणि किती ओळी खुर्द्यावर, हे एकदा मोजून पाहा.

इब्राहीमखान गारदी यातला कोण? मोती नव्हे. मोहर म्हणावी तर त्याच्या नावापुढे नेहमी काहीतरी जोडलेले असते.

मी सहावी-सातवीत असताना इतिहास शिकवायला एक गुरुजी होते. माणूस फार प्रेमळ. पानिपत शिकवताना त्यांचा आवाज भरून यायचा. इब्राहीमखानापाशी आले की ते माझ्या बाकाकडे बघायचे आणि म्हणायचे, "मुसलमान असूनही तो मराठ्यांच्या बाजूने शेवटपर्यंत लढला." वर्गात दोन मुसलमान मुले होतो. आम्ही दोघेही त्या वाक्याने फुगून जायचो. गुरुजींनी ते आमच्यासाठीच, आमचा मान म्हणून म्हटलेले असायचे. हे वाक्य पुढे मी व्याख्यानांत ऐकले, स्मरणिकांत वाचले, जाड पुस्तकांतही त्याच्या छटा पाहिल्या. त्यातले काय बोचते, हे कळायला कविता लिहावी लागली, म्हणजे शब्द वजन करून ठेवायची सवय लागावी लागली.

'असूनही' हा शब्द कसा चालतो पाहा. 'श्रीमंत असूनही साधा' असे म्हटले की श्रीमंत माणसे साधी नसतात असा नियम वाक्यात न बोलता येऊन बसतो. 'म्हातारा असूनही चपळ' म्हटले की म्हातारे मंद असतात. तसे 'मुसलमान असूनही मराठ्यांसाठी लढला' यात एक नियम दडलेला आहे. तो कुणी उच्चारत नाही, म्हणून त्याचा पुरावा कुणी मागत नाही. माझ्या मते विद्वत्तापूर्ण इतिहासातली सगळ्यात बेमालूम वक्तृत्वाची जागा ही आहे. तळटीप लागते ती नावाला, तारखेला, आकड्याला. 'असूनही', 'तरीदेखील', 'साहजिकच', 'अर्थातच' अशा शब्दांना आजवर कुणी तळटीप लावल्याचे मी पाहिलेले नाही. आणि वाचकाच्या मनात काय उरते? तारखा विसरतात. 'असूनही' राहते.

या नियमाला पुरावा आहे का? अब्दालीच्या बाजूला अवधचा शुजाउद्दौला होता, आणि त्याच्या सैन्यात अनुपगीर आणि उमरावगीर हे गोसावी आपले हजारो नागा-गोसावी शिपाई घेऊन होते. त्यांच्याविषयी 'हिंदू असूनही' असे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. शुजाच्याच पदरी काशीराज शिवदेव नावाचा दख्खनी ब्राह्मण होता. त्याने ती लढाई पाहिली, आणि सुमारे वीस वर्षांनी, १७८० च्या सुमारास, फारसीत तिचा वृत्तान्त लिहिला. पानिपतच्या इतिहासाचा हा मोठा आधार. दख्खनी ब्राह्मण, फारसी भाषा, अवधचा नोकर. आणि समोरच्या गोटात तोफखान्याचा प्रमुख इब्राहीमखान, फ्रेंच सेनानी बुसीच्या तालमीत तयार झालेला, आधी निजामाकडे आणि मग पेशव्यांकडे चाकरीला असलेला. त्या काळी माणसे कुणाचे मीठ खातात, यावरून उभी राहत होती. 'असूनही' हा शब्द आपण आपल्या काळातून तिथे नेऊन ठेवला आहे.

काशीराजाने लढाईच्या सकाळचा एक प्रसंग दिला आहे. इब्राहीमखान घोड्यावरून भाऊसाहेबांपाशी आला, मुजरा केला आणि म्हणाला की माझ्या लोकांच्या दरमहा पगाराचा मी आग्रह धरतो म्हणून आपण माझ्यावर बरेच दिवस नाराज आहात. या महिन्यात तर खजिना लुटला गेला आणि आम्हाला काहीच मिळाले नाही. पण ते राहू द्या, आज मी माझे कर्तव्य बजावतो. मग त्याने निशाण स्वतःच्या हाती घेतले, तोफा-बंदुका थांबवल्या, आणि सात पलटणी घेऊन संगिनींनिशी रोहिल्यांवर चालून गेला. त्याच्या बहुतेक पलटणी कापल्या गेल्या. तो स्वतः भाल्यांनी आणि गोळीने जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला. शुजाने आधी त्याला आसरा दिला, पण दुराणी सैनिकांनी त्याला मागून घेतले. वजीर शाहवलीखानाच्या ताब्यात आठवडाभरात तो मेला. जखमांवर विष घातल्याची त्या वेळी बोलवा होती.

या प्रसंगात धर्म कुठे आहे? पगार आहे, शिस्त आहे, मानी माणसाचा रुसवा आहे आणि शब्द पाळणे आहे. नंतरच्या कथा-नाटकांनी त्याच्या तोंडी धर्म आणि देश यांवरचे लांबलचक संवाद घातले. ते लिहिणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण काशीराजाचा इब्राहीमखान मला त्यांच्याहून मोठा वाटतो. त्याच्यासाठी 'असूनही' वापरायचेच असेल तर पुराव्याने एकच वाक्य लिहिता येते: पगार थकलेला असूनही तो लढला.

गारदी या शब्दाचेही असेच झाले. 'गार्ड' या परकी शब्दावरून आलेला, कवायती शिपाई एवढाच त्याचा अर्थ. पुढे ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून गारद्यांनी केला, आणि मराठीत गारदी म्हणजे मारेकरी होऊन बसला. त्या खुनातला ठळक गारदी सुमेरसिंग. नाव ऐका, आणि मग हा शब्द उच्चारल्यावर आपल्या डोळ्यांपुढे कोणत्या पोशाखातला, कोणत्या दाढीचा माणूस उभा राहतो ते आठवा. मी एकदा काही कॉलेजच्या मुलांना हे विचारले. मुले प्रामाणिक होती. हसली आणि गप्प बसली.

'असूनही' माझ्याही वाट्याला येते, म्हणून हा विषय मला पुस्तकी वाटत नाही. कवितावाचन संपले की कुणीतरी जवळ येऊन हात हातात घेतो आणि म्हणतो, "मुसलमान असूनही तुमचं मराठी किती छान आहे." मी आभार मानतो. जेजुरीचे सगनभाऊ शिकलगार, दोनशे वर्षांपूर्वीचे शाहीर. त्यांच्या लावण्यांवर फडात माना डोलावणाऱ्यांना असे वाटत असेल का? मला नाही वाटत. त्यांच्या काळानंतर कुठेतरी हा शब्द आपल्या भाषेत येऊन बसला, आणि तो शाळेच्या वर्गातून, म्हणजे इतिहासाच्या तासातून आला असावा असा माझा संशय आहे.

क्रियापदांबद्दल थोडे. रणजित गुहा हे बंगाली इतिहासकार २०२३ मध्ये वारले, शंभराव्या वर्षात. १९८३ साली त्यांनी एक दीर्घ निबंध लिहिला. बंड मोडणाऱ्या सरकारचे गद्य कसे असते, हा विषय. १८३१ चे बारासातचे तितू मीरचे बंड, १८५५ चा संथाळांचा उठाव, यांच्या बातम्या देणारी सरकारी पत्रे त्यांनी शब्द-शब्द सोडवून वाचली. शेतकरी तिथे बंडखोर होतो, धर्मनिष्ठ माणूस माथेफिरू होतो. आणि नंतरचे इतिहासकार, अगदी शेतकऱ्यांविषयी कळवळा असणारेसुद्धा, तीच भाषा उचलतात. उठाव वादळासारखा येतो, भूकंपासारखा हादरवतो, वणव्यासारखा पसरतो, साथीसारखा लागतो. गुहांचे म्हणणे, या उपमांत शेतकऱ्याचे डोके नाहीसे होते. त्याने विचार करून, सभा भरवून, जोखीम ओळखून उठाव केला, हे दिसेनासे होते.

पुन्हा वणवाच! साताऱ्याच्या साहेबापासून कलकत्त्याच्या कारकुनापर्यंत तोच. आणि आपल्या मराठीत दंगल काय करते? ती 'उसळते'. समुद्राच्या लाटेसारखी. दुकाने 'जळतात', माणसे 'मारली जातात'. उसळवणारा, जाळणारा, मारणारा वाक्यात येत नाही. कर्मणी प्रयोग ही मराठीची फार सुंदर सोय आहे, कवितेत मी ती पुष्कळ वापरतो. पण दंगलीत ज्याचे दुकान गेले त्याला विचारा, तो कर्तरी प्रयोगात बोलतो. त्याला नावे माहीत असतात. दहा वर्षांनी त्याच दंगलीवर प्रबंध लिहिला जातो, तेव्हा नावे परिशिष्टात जातात आणि वाक्यात 'तणाव' हा कर्ता होतो. 'तणावाने उग्र रूप धारण केले.' तणावाला हातपाय फुटलेले मी फक्त प्रबंधांत पाहिले आहेत.

यावर एक मोठी हरकत येते, आणि ती मला मान्य आहे. सगळेच कथन असेल, सगळीच उपमा असेल, तर खरे-खोटे काय उरले? हेडन व्हाइटला हाच प्रश्न विचारला गेला, आणि विचारणाऱ्यांच्या मनात नाझींनी केलेला ज्यूंचा संहार होता. तोही 'एक कथानक' म्हणायचा का? या प्रश्नाचे उत्तर शेवटी न्यायालयात मिळाले. डेबोरा लिपस्टाट या अभ्यासिकेने डेव्हिड आयर्विंग या लेखकाला संहार नाकारणारा म्हटले. त्याने लंडनमध्ये बदनामीचा दावा लावला. बचावासाठी रिचर्ड इव्हान्स या इतिहासकाराने आयर्विंगच्या तळटिपांचा पाठलाग केला, सहायक घेऊन, दोन वर्षांहून अधिक काळ. प्रत्येक टीप ज्या कागदाकडे बोट दाखवत होती तो मूळ कागद काढून पाहिला, आणि सातशेहून अधिक पानांचा अहवाल दिला. शब्द गाळले होते, तारखा सरकवल्या होते, भाषांतरे वाकवली होती, आणि सगळी वाकवणी एकाच दिशेने. एप्रिल २००० मध्ये आयर्विंग दावा हरला. त्याचे गद्य वाचनीय होते, तळटिपा भरघोस होत्या. खोटेपणा सापडला तो कागदापर्यंत चालत गेल्यावर.

म्हणून राजवाड्यांची भिंत मी पाडा म्हणत नाही. ती हवी. कागदावाचून मीसुद्धा इब्राहीमखानाला त्या संवादांतून सोडवू शकलो नसतो. फक्त कागदापर्यंत जसे चालत जायचे, तसे वाक्याच्या सांध्यांपर्यंतही जावे. आणि इतिहासकारांनी कवींना आपल्या अंगणात थोडा वेळ बसू द्यावे. आम्हाला सन कळत नसतील, 'असूनही' कळते.

मागच्या वर्षी एका तालुक्याच्या गावी वाचनालयात मी यातले काही बोललो. रेडिओवर तळटिपा देता येत नाहीत, तिथे निदान काशीराजाच्या वृत्तान्ताची प्रत हातात होती. भाषण संपल्यावर सूतगिरणीतून निवृत्त झालेले एक काका उठले. "ते उपमा वगैरे ठीक आहे," ते म्हणाले, "पण गारद्यांचा पगार किती महिन्यांचा थकला होता?" मी सांगितले की काशीराजाने त्या चालू महिन्याचाच उल्लेख केला आहे, त्याआधी मिळत होता, पण कुरकुरीने. काका जरा वेळ थांबले. "मग त्या मेलेल्यांच्या घरी तो नंतर पोचला का?" असे त्यांनी विचारले, आणि वाचनालयाचे सचिव आभार मानायला उभे राहिले.